कडी, बरगा आणि लोणा

आमच्या घराच्या सगळ्यांत जुन्या दस्तावर साल आहे १३२०. हे बंगाली सन. त्यात ५९३ मिळवले की इसवी सन निघतं, चैत्राअखेरच्या महिन्यांत ५९४. म्हणजे घर १९१३-१४ मधलं. शकात ७८ मिळवण्याची सवय असलेल्या माझ्या डोक्याला हा हिशेब बसायला थोडे दिवस गेले. घर बसायला मात्र तीन वर्षं लागली आहेत आणि अजून गच्ची बाकी आहे.

बजबज म्हणजे सियालदाहून सुटणाऱ्या एका लोकल मार्गाचं शेवटचं स्टेशन. हुगळीच्या डाव्या काठावर, कोलकात्याच्या खाली. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या, वीजकेंद्र आणि नदी. नवऱ्याची इथल्या तेलडेपोत बदली झाली. कोलकात्यात दोन खोल्या परवडत नव्हत्या, तेवढ्या पैशांत इथे चार खोल्या, ओसरी आणि गच्ची मिळाली. आमचं हे पहिलंच घर. सगळं कर्ज खरेदीत गेलं. दुरुस्ती महिन्याच्या पगारातून करायची, म्हणून एका वेळी एक खोली. पलंग, कपाट, गॅस, पुस्तकांचे खोके घेऊन आम्ही या खोलीतून त्या खोलीत बिऱ्हाड हलवत राहिलो. गल्लीतली याच वयाची तीन घरं आमच्यादेखत पाडली गेली आणि तिथे चार-चार मजले उभे राहिले. आमच्याकडेही एक बिल्डर येऊन गेला. इथे त्याला प्रमोटर म्हणतात. जुन्या घरात पैसे घालणं म्हणजे पाण्यात घालणं, असं त्याचं म्हणणं. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच त्याची भीती वाटायची.

मी इतिहासाची विद्यार्थिनी, माहेर रत्नागिरी. नवरा गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातला. त्याला बंगाली येतं, आणि ते इथे येऊन शिकलेलं नाही. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची जी पुनर्वसनं मध्य भारतात झाली, त्यांतली काही चामोर्शी-मुलचेऱ्याकडे आहेत. त्याच्या वर्गात निम्मी मुलं बंगाली होती. कोलकात्याच्या लोकांना त्याचं बंगाली ऐकून हसू येतं, कारण त्यात एकाच वेळी बारिसाल आणि गडचिरोली आहे.

पहिली घेतली बाहेरची खोली. तिचं छत बंगाली पद्धतीचं. जाड आडव्या तुळया म्हणजे ‘कडी’, त्यांच्यावर काटकोनात बारीक लाकडं म्हणजे ‘बरगा’, त्यांच्यावर विटांचा थर आणि मग चुना-सुरखीची गच्ची. आपल्या वाड्यांतला कडीपाट आठवतो, पण तिथे कडीवर लाकडी पाट असतो, इथे बरग्यावर वीट. रिकामटेकडेपणाने पडून राहण्याला बंगालीत ‘कडिकाठ गोना’ म्हणतात, म्हणजे छताच्या तुळया मोजत बसणं. आपला माणूस आढ्याला तंगड्या लावून झोपतो, बंगाली माणूस निदान मोजतो तरी! आम्हीही मोजल्या. पाच कड्या, एकोणचाळीस बरगे. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने एकेक वाजवून पाहिला आणि अकरा बाद केले.

शेजारचे काका दारातून हे सगळं पाहत होते. मराठी माणसं बरगे बदलतायत हे कळल्यावर ते म्हणाले, “बर्गी आले आणि आमचे बरगे काढून नेले.” सगळे हसले, मीही हसले. पण विनोदाला दोनशे ऐंशी वर्षांची मुळी आहे. ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा शिलेदाराखालचा स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दरवर्षी बंगालवर येत राहिल्या. १७४४ मध्ये भास्कर राम कोल्हटकरांना भेटीला बोलावून अलिवर्दीखानाने दगा करून मारलं, आणि १७५१ च्या तहात ओडिशाचा महसूल आणि बारा लाखांची चौथाई पदरात पडल्यावर स्वाऱ्या थांबल्या. शाळेत आम्ही हे ‘मराठ्यांचा विस्तार’ या मथळ्याखाली शिकलो. इथे तोच काळ पोरांना झोपवायच्या अंगाईत शिरला आहे, आणि त्या अंगाईत भीती आहे ती आपली. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं. नावावरून मराठी वाचकाला अभिमान वाटेल, पण आत जळलेली गावं आणि पळणारी माणसं आहेत. कोलकात्याच्या रहिवाशांनी बर्ग्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. बर्गी तिथवर आलेच नाहीत आणि खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावरून रस्ता गेला. माझ्या मते पराक्रम मोजायचा तर तो झाला तिथल्या अंगाईत जाऊन मोजावा. हे मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी संध्याकाळी वाटीभर खेजुराचा गूळ पाठवला होता.

बाद झालेले बरगे सालाचे होते. कड्या मात्र सागाच्या, आणि शंभर वर्षांनंतरही करवतीखाली तेलाचा वास देणाऱ्या. मिस्त्री म्हणाले, “बर्मा सेगुन.” ब्रह्मदेशी साग. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे थिबा पॅलेस आला. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर होता. लहानपणी आम्हाला एवढंच ठाऊक की ब्रह्मदेशाचा राजा इथे कैदेत होता. तो कैदेत का पडला, याचं एक उत्तर या छतात आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत निघालेली कंपनी वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांतून साग काढत असे. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि पैसे बुडवले, या आरोपावरून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरमध्ये फौजा इरावतीने वर चढल्या, पंधरवड्यात मंडाले पडलं, आणि राजा-राणीला आधी मद्रासला, मग रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. वरच्या ब्रह्मदेशातला साग आता बिनदिक्कत इंग्रजी बंदरांत उतरू लागला होता. आमचं घर बांधणाऱ्या माणसाने, बहुधा एखाद्या गिरणीच्या कचेरीतल्या बऱ्या पगाराच्या बाबूने, तो हुगळीच्या काठावरच विकत घेतला असणार. या पाच कड्या छतावर चढल्या तेव्हा थिबा जिवंत होता आणि रत्नागिरीच्या समुद्राकडे बघत दिवस काढत होता.

मधल्या खोलीत सागाऐवजी लोखंडी कड्या आहेत. रंग खरवडल्यावर एकीवर उठावाची अक्षरं दिसली, ‘डोरमन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड’. कोलकात्याच्या जुन्या घरांत हे नाव पुष्कळ सापडतं. सिडनी बंदरावरचा कमानीचा पूल याच कंपनीने बांधला. पुढे १९४३ मध्ये हावड्याचा पूल खुला झाला तोवर काळ बदलला होता. त्याच्या साडेसव्वीस हजार टन पोलादातलं तेवीस हजार टन टाटांचं होतं.

आता लोण्याबद्दल. खाण्याचं लोणी नव्हे, भिंतीचा लोणा. बंगालीतही जवळजवळ तोच शब्द, ‘नोना’. जमिनीपासून छातीपर्यंत प्रत्येक भिंतीवर पांढरी पिठी फुटलेली, गिलावा हाताने ओढला तरी पोपडा निघेल असा. मधे कुणीतरी त्यावर सिमेंटचा थर दिला होता, आणि रोग तिथेच बळावला. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतून चढलेलं पाणी तिच्यातून उडून जातं. सिमेंटने तोंड बंद केलं की ते पाणी मीठ घेऊन आणखी वर चढतं. मिस्त्री हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत होते. आम्ही सगळं सिमेंट काढलं, तीन महिने भिंती उघड्या वाळू दिल्या आणि मग चुन्याचा गिलावा केला. त्या तीन महिन्यांत घर सोलून ठेवल्यासारखं दिसत असे.

उघड्या भिंतीत वीट दिसते, आणि वीट म्हणजे इथली नदी. बजबजच्या खाली हुगळीच्या काठाने वीटभट्ट्या आहेत. भरतीचं गढूळ पाणी खळग्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा, ओहोटीला पाणी सोडायचं, उरलेल्या गाळाच्या विटा थापायच्या. म्हणून ही वीट मऊ, गुलाबी आणि पाण्याची लोभी. दिवसातून दोनदा भरती जिथवर येते तिथे मीठही थोडं येणारच.

याच भरतीवर स्वार होऊन डिसेंबर १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनची जहाजं वर आली. सिराजउद्दौल्याने जूनमध्ये कोलकाता घेतलं होतं. ते परत घ्यायला क्लाइव्ह आणि वॉटसन मद्रासहून निघाले, आणि वाटेत बजबजचा किल्ला होता. क्लाइव्ह आपली तुकडी घेऊन खाली मायापूरला उतरला, रात्रभर चिखल तुडवत आला आणि दमून झोपलेला असताना २९ डिसेंबरच्या सकाळी नवाबाच्या माणिकचंदाने त्याच्यावर छापा घातला. चकमकीत माणिकचंदाच्या पागोट्याजवळून गोळी गेली आणि तो निघून गेला. तिकडे ‘केंट’ या जहाजाने तोफांनी तटाला भगदाड पाडलं. दुसऱ्या दिवशी हल्ला करायचा ठरलं, पण रात्री स्ट्रॅहन नावाचा एक झिंगलेला खलाशी एकटाच भगदाडातून वर चढला आणि किल्ला घेतला म्हणून ओरडू लागला. आत जवळजवळ कुणी उरलंच नव्हतं. २ जानेवारीला कोलकाता पडलं, जूनमध्ये प्लासी.

इथवर कुठल्याही पुस्तकात मिळतं. मराठी वाचकाने थांबावं ते ‘केंट’ या नावाशी. दहा महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हेच जहाज, हाच वॉटसन आणि हाच क्लाइव्ह विजयदुर्गापुढे उभे होते. तुळाजी आंग्र्याचं आरमार तिथे जळालं. जमिनीवरून पेशव्यांच्या फौजा वेढा घालून बसल्या होत्या, म्हणजे आपलं सर्वांत मोठं आरमार आपणच इंग्रजांच्या मदतीने जाळलं. किल्ल्यातली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. त्यानंतर ते जहाज दक्षिणेला वळसा घालून मद्रासला आणि तिथून बंगालला आलं. कोकण आणि बंगाल यांचे इतिहास वेगवेगळ्या धड्यांत शिकवले जातात, पण तोफा त्याच होत्या. पश्चिम किनाऱ्यावर रोखायला कुणी उरलं असतं तर ‘केंट’ बजबजला पोहोचतं का, याचा विचार मी भिंती वाळण्याची वाट पाहत पुष्कळदा केला. इतिहासात असे ‘जर’ वर्ज्य मानतात. ओल्या भिंतीसमोर बसलेल्या माणसाला तेवढी सूट असावी.

स्वयंपाकघरात फारसं काही नव्हतं. काजळी होती, आणि शिंकाळ्यामागे डबे उघडून सपाट केलेले केरोसिनचे पत्रे ठोकलेले होते. या गावाची भरभराट त्या डब्यांवर झाली. केरोसिनच्या आगींना भिऊन शहराने तेलाचा धोका नदीखाली दूर लोटला, तो बजबजला. आधी अमेरिका आणि रशियाचं तेल, मग रंगूनजवळच्या सिरियमचं. आपण त्याला घासलेट म्हणतो, ते ‘गॅसलाइट’चं बाळबोध रूप. हा शब्द मिस्त्रींना फार आवडला. आमचे आणि त्यांचे काही शब्द आधीपासूनच एक होते. चावी, साबण, त्यांची बालति आणि आमची बादली, त्यांची गामला आणि आमचं घमेलं. सगळे पोर्तुगीजांनी दोन किनाऱ्यांवर एकाच खेपेत टाकल्यासारखे.

ओसरी आम्ही फक्त रंगवली. तिच्याबद्दल लिहायचं ते दुरुस्तीचं नाहीच. घर नवं असताना, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, ‘कोमागाता मारू’ बजबजच्या धक्क्याला लागली. एप्रिलमध्ये हाँगकाँगहून निघालेलं हे जपानी जहाज ३७६ प्रवाशांसह, त्यांत बहुतेक शीख, कॅनडाला गेलं होतं. ब्रिटिश साम्राज्याच्या या प्रजाजनांना त्याच साम्राज्यातल्या कॅनडाने दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात ताटकळत ठेवून परत पाठवलं. तोवर महायुद्ध सुरू झालं. सरकारने नवा वटहुकूम काढून त्यांना बजबजवरूनच खास गाडीने पंजाबला धाडायचं ठरवलं. थोडे गाडीत बसले. बाकीचे ग्रंथसाहेब पुढे घेऊन पायी कोलकात्याकडे निघाले, फौज आणून त्यांना वाटेतून परत फिरवलं, आणि संध्याकाळी स्टेशनाजवळ गोळीबार झाला. वीसेक प्रवासी मेले. गुरदित सिंग निसटले आणि कित्येक वर्षं भूमिगत राहिले. १९५२ च्या पहिल्या दिवशी नेहरूंनी इथे कृपाणाच्या आकाराच्या स्मारकाचं उद्घाटन केलं. २०१३ मध्ये स्टेशनाला त्या जहाजाचं नाव जोडलं गेलं आणि २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ‘कोमागाता मारू’ नंतर जेमतेम दोन महिन्यांत कर्तारसिंग सराभा आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून कोलकात्याला पोहोचले. त्यांचं जहाज याच काठावरून वर गेलं असणार, दुसरी वाट नाही. दोघांनाही नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. याच ओसरीवरून स्टेशनाकडचा रस्ता दिसतो. त्या संध्याकाळी इथे उभं राहून कुणी काय पाहिलं, दार उघडलं की लावलं, ते कुठे लिहिलेलं नाही.

सगळ्यांत जास्त भांडण झालं ते आतल्या मोठ्या खोलीवरून. तिच्या बरोबर मधून पाच इंची एक भिंत जात होती. पाया नाही, एका बाजूला गिलावाही नाही. नवऱ्याला ती काढून खोली मोकळी करायची होती. मला ती ठेवायची होती, कारण तिची गोष्ट मला तोवर कळली होती. घर आम्हाला विकणाऱ्या माशीमा १९५० मध्ये, बारिसालच्या दंगलींनंतर, सात वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर इथे आल्या. १९५१ च्या जनगणनेत पश्चिम बंगालमध्ये सुमारे २१ लाख निर्वासित मोजले गेले, त्यांतल्या त्या एक. मूळ मालकाने खोल्या भाड्याने दिल्या, आणि मोठ्या खोलीचे दोन भाग करून दोन कुटुंबं ठेवली. भिंतीच्या वरच्या टोकाला वीतभर भोक होतं. त्या भोकात एकच बल्ब टांगलेला असे, उजेड दोन्हीकडे, बिल निम्मं निम्मं. कुणाकडे परीक्षा असली की दुसऱ्या बाजूलाही रात्रभर झोप नाही. पुढे माशीमांच्या वडिलांनी आणि मग त्यांच्या यजमानांनी खोली खोली करत अख्खं घर विकत घेतलं. म्हणजे खोलीखोलीने घर करणारे आम्ही पहिले नव्हतो.

दोघांचा वाद चालू असतानाच मिस्त्रींनी तिसरीच गोष्ट दाखवली. भिंतीवरची सागाची कडी मधोमध वाकून तिच्यावर टेकली होती. नुसत्या गाळ्याला गाळा करायला उभी केलेली बिनपायाची भिंत गेली कित्येक वर्षं छत तोलत होती. ती तशीच पाडली असती तर छत खाली आलं असतं. ती ठेवायची तरी पायाशिवाय किती दिवस टिकणार? नवरा म्हणाला, “बघ, भिंत खोटी आहे हे तूच सांगत होतीस, आता ती खांब निघाली.” मी म्हटलं, “म्हणूनच ठेवू या.” दोन पगार या खोलीत जाणार हे तेवढ्यात ठरून गेलं. कोलकात्यात पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या एकाकडून जुनी लोखंडी कडी आणली. तिच्यावर मिडल्सबरो नव्हतं, काहीच नव्हतं. ती वाकलेल्या कडीशेजारी घातली आणि भिंत सुटी झाली. आता ठेवणं न ठेवणं सर्वस्वी आमच्या हातात होतं. शेवटी नवऱ्याने माशीमांना फोन लावला, त्याच्या त्या चामोर्शीच्या बंगालीत. त्या मुलीकडे गारियाला राहतात. दोन दिवसांनी स्वतःच आल्या. भिंतीवरून हात फिरवतील, डोळ्यांत पाणी येईल, अशी माझी कल्पना. त्यांनी चहा घेतला, भोकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भेंगे फॅलो. जानला ओदिके छिलो.” पाडून टाका, खिडकी त्या बाजूला होती.

त्यांच्या अर्ध्या खोलीला खिडकी नव्हती. सात वर्षांच्या असल्यापासून लग्न होईपर्यंत त्यांनी वारा ऐकला तो भोकातून. आम्ही भिंत पाडली. त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि मधली वीट निघून पहिल्यांदा नदीचा वारा आला तेव्हा पदराने धूळ झटकत म्हणाल्या की ऐकावं तेवढा काही तो गार नाही.

गच्ची राहिली आहे. तिथून नदी दिसते, आणि आता मला तिथून जाणारी प्रत्येक बोट कुणाची तरी आठवण करून देते. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या त्या याच पाण्यावरून. वरती श्रीरामपूरला त्यांचं आणि गोपाळरावांचं बिऱ्हाड होतं, गोपाळराव तिथे टपाल खात्यात होते. अठरा वर्षांची बायको खाली समुद्राकडे गेली आणि नवरा काठावर राहिला. १८९७ च्या फेब्रुवारीत विवेकानंद परदेशातून परतले तेही बजबजलाच उतरून, इथूनच खास गाडीने सियालदाला गेले.

छताचं काम पावसाआधी व्हायला हवं. जुनी गच्ची चुना-सुरखीची, बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी आठवडाभर ठोकत अशी. ठोकताना गायची गाणी असत. मिस्त्रींच्या आईने हे काम केलं आहे, पण आता ठोकायला कुणी मिळत नाही, असं ते म्हणतात. आपल्याकडे याला कोबा म्हणतात. आईला फोन करून कोब्याच्या चुन्यात काय घालत असत ते विचारलं. तिने आजोबांच्या वहीतून वाचून दाखवलं. हिरडा, बेलफळाचा गर, गूळ. मिस्त्रींच्या आईचा हिशेब मेथीचं पाणी, खैर आणि गूळ. दोन्हीकडे असलेली वस्तू एकच, म्हणून पाच किलो गूळ आणून ठेवला आहे. मुंग्या लागायच्या आत मिस्त्री यायला हवेत.